आंब्याच्या रानात जाळीचा झगा घातलेली भूछत्री दिसली, कुणी ओळखेल का?

चिखलवाट | रविवार, १० ऑगस्ट, रात्री ८:१२

काल राखी झाली, आज सुट्टी, आणि चार दिवस झोडपणारा पाऊस सकाळी जरा दम खायला थांबला. मी, बायको, आतेभाऊ आणि त्याचा नववीतला पोरगा असे चौघं पहाटेच गाडी काढून आंब्याला गेलो. (रत्नागिरी रस्त्यावरचं, मलकापूरच्या पुढचं आंबा. खायचा नव्हे.) मानोली धरणाच्या बाजूला गाडी लावली आणि रानाच्या कडेनं जाणारी पायवाट धरली. निघालो होतो धबधबे बघायला. धुक्यात हाताचं बोट दिसेना, वाट निसरडी, म्हणून मान खाली घालूनच चालावं लागलं. हा धागा त्या खाली घातलेल्या मानेची कृपा.

पहिली वस्तू डोळ्यांआधी नाकाला कळली. माळ्यावर उंदीर मेला की येतो तसला वास. आम्ही समजलो जवळपास काहीतरी मरून पडलंय, गव्याचं वासरू वगैरे. काठीनं पाचोळा बाजूला करत शोधलं तर कळकाच्या बेटाखाली ही उभी. वीतभर उंच, पांढरा पोकळ दांडा, स्पंजासारखा. माथ्यावर बोटाच्या पेराएवढी टोपी आणि तिच्यावर शेवाळी रंगाचा चिकट राप. टोपीखालून पार जमिनीपर्यंत लोंबणारी पांढरी जाळी, अगदी क्रोशाच्या रुमालासारखी. बायको म्हणाली, "आईच्या टीव्हीवरचं कव्हर आहे हे." टोपीवर सातआठ माश्या आणि एक निळसर भुंगा, कुणी हलायला तयार नाही. प्रचि (प्रकाशचित्र) १ आणि २.

प्रचि ३: पडलेल्या फांदीवर ओळीनं लावलेल्या पेल्या. गुलाबी-केशरी, करंगळीचं टोक जाईल एवढ्या, काठावर बारीक केस. प्रत्येकीत पावसाचं पाणी.

प्रचि ४: हे पोरानं शोधलं. कुजक्या काटकीवर अर्ध्या सेंटिमीटरची करड्या रंगाची घरटी, आत मसुराच्या डाळीसारखे चपटे दाणे. आधी वाटलं कुठल्यातरी किड्याची अंडी.

प्रचि ५: परत येताना चहाला थांबलो तिथल्या हिरवळीवर मोठमोठ्या पांढऱ्या छत्र्या, गोल रिंगण करून उगवलेल्या. बशीएवढ्या, वर तपकिरी खपल्या, दांड्याला कडं. आतेभावाच्या मते ही अळंबी. श्रावणामुळं मटण बंद, त्यामुळं गडी आठवडाभर कासावीस आहेच. त्यानं पिशवी भरून घेतली. सध्या ती पिशवी आमच्या फ्रीजमध्ये आहे, उद्या रात्री रस्सा करायचा बेत.

नावं सांगा कुणीतरी. वाचून झालेली पुस्तकं सगळी पक्ष्यांची निघाली.

---

तांबडा_पांढरा | ८:३१

नाद खुळा प्रचि! ती जाळीवाली तर गौरीच्या मुखवट्यामागं लावायच्या लायकीची आहे. वास सोडून.

रस्सा झाला की कळवा, भाकरी घेऊन येतो.

---

कुजकं_लाकूड | ८:४४

भाकरी राहू दे. प्रचि ५ मधली छत्री खाऊ नका. आधी हे वाचा, बाकी गप्पा नंतर.

हिरवळीवर रिंगण, बशीएवढी टोपी, तपकिरी खपल्या, दांड्यावर वरखाली सरकणारं कडं. माझा संशय क्लोरोफायलम मॉलिब्डायटीसवर आहे. जगात छत्र्या खाऊन जे लोक आजारी पडतात त्यांत हिचा नंबर फार वर लागतो, कारण ती रानात नाही, माणसाच्या अंगणात उगवते आणि दिसते एकदम पोटभर. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात, आणि ते साधे नसतात.

फोटोवरून शंभर टक्के सांगणार नाही, पण घरच्या घरी एक परीक्षा आहे. एका छत्रीचा दांडा टोपीलगत कापा. टोपी पालथी, म्हणजे पापुद्र्यांची बाजू खाली, अशी कागदावर ठेवा. कागद अर्धा पांढरा, अर्धा काळा घ्या. वर वाटी झाका आणि रात्रभर हात लावू नका. सकाळी कागदावर बीजाणूंचा, म्हणजे छत्रीच्या बियांसारख्या बारीक भुकटीचा, ठसा उमटलेला असेल. ठसा हिरवट आला तर विषय संपला.

पांढरा आला तर खायला मोकळे असं मात्र नाही हां. अमानिटा कुळातल्या जीवघेण्या छत्र्यांचा ठसाही पांढराच येतो. ही परीक्षा 'खाऊ नका' सांगते, 'खा' कधीच सांगत नाही.

बाकी प्रचिंवर जेवून येऊन लिहितो.

---

चिखलवाट | ८:५२

बाप रे. ठेवली झाकून. आतेभावाला फोन केला तर म्हणतो, "नेटवरची माणसं कशाला बी भीती घालत्यात." वाटीवर बायकोनं चिठ्ठी चिकटवली आहे, 'हात लावशील तर'. पुढचं लिहिलेलं नाही.

---

शाहूवाडीचा_दादा | ९:२०

मी तिकडचाच. आमच्याकडं अळंबी म्हणतात ती वेगळी वस्तू हाय, आणि ती हिरवळीवर उगवत नसती. ती वारुळाची.

आमची आजी सांगायची तसं सांगतो. पाऊस उघडझाप करायला लागला, ऊन-पाऊस एका तासात दोनदा झालं, की वारुळाच्या अंगाला सकाळी कळ्या वर येत्यात. गौरी-गणपतीच्या आगंमागं जास्त. टोपीच्या मधोमध टोक असतंय, भाल्यासारखं, त्यानंच माती फोडून वर येती. उपटली तर अर्धीच हातात येती, कारण खाली मुळी लांब, कधी हातभर. ती मुळी पार वाळवीच्या घरात गेलेली असती. मुळी नसंल तर आजी हातसुद्धा लावायची न्हाई.

जागा कुणाला सांगत न्हाईत. आजीनं आईला सांगितली, आईनं मला अजून न्हाई. पहाटे कंदील घेऊन जायची, अंधारातच परत यायची, का तर शेजारणीला वाट कळू नये. आणि वारूळ खणायचं न्हाई हा नेम. खणलं की पुढल्या साली तिथं काय मिळत न्हाई.

तुमच्या आतेभावाला म्हणावं, अळंबी पायजे तर मलकापूरच्या बाजारात येऊन बस, द्रोणावर इकत्यात बायका. द्रोण महाग हाय पण माणूस घरी येतंय.

---

मसाईची_पोरगी | ९:३३

दादा, शेवटचं वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं.

मी जुलैत पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेला गेलतो. मसाई पठार उतरून पुढं रानात शिरलो की पाय चिखलात आणि डोळे पायात, त्यामुळं माझ्याकडंपण असलीच भरताड आहे. करपेवाडीच्या अलीकडं एका ओंडक्यावर तपकिरी चकचकीत नरसाळी होती, गोल गोल पट्ट्या असलेली, एकदम गुळगुळीत. हात लावला तर चामड्यासारखी. प्रचि टाकलाय.

आणि दुसरं, पाचोळ्यावर पिवळंधमक काहीतरी पसरलेलं, कुत्रं ओकल्यासारखं. आमच्या ग्रुपातला एकजण म्हणाला कुणीतरी पिठलं सांडलंय. ३६५ वर्षांपूर्वी मावळे त्याच वाटेनं पावसात धावले आणि आम्ही तिथं पिठल्यावर वाद घालत बसलो.

---

पुणेरी_ताक | ९:४०

पोरगी म्हणता आणि 'गेलतो'?

---

मसाईची_पोरगी | ९:४१

कोल्हापूरची आहे. आम्ही असंच बोलतो. ताक प्या आणि झोपा.

---

कुजकं_लाकूड | १०:१५

जेवण झालं. आता सविस्तर.

प्रचि १-२: फॅलस इंडुसिएटस. मराठीत हिला सर्वमान्य नाव नाही, मी घरी 'बुरख्यातली बाई' म्हणतो. वास हाच तिचा धंदा. बहुतेक छत्र्या बीजाणू वाऱ्यावर सोडतात, पण कळकाच्या बेटाखाली, दमट पाचोळ्यात वारा कुठला? म्हणून हिनं माश्यांना कामाला लावलंय. टोपीवरचा शेवाळी राप म्हणजे बीजाणू कालवलेला चिकट रस. सडक्या मांसाचा वास येतो म्हणून माश्या येतात, रस चाटतात, पायाला आणि पोटात बीजाणू घेऊन उडून जातात. दुपारपर्यंत टोपी चाटूनपुसून पांढरी होते. तुम्ही बरोबर वेळेला पोचलात. जाळी कशासाठी यावर मात्र जाणकारांचं एकमत नाही. काहींच्या मते न उडणाऱ्या किड्यांना वर चढायला ती शिडी.

पुढच्या वेळी तिथंच आसपास पाचोळा हलक्या हातानं बाजूला करून बघा. कोंबडीच्या अंड्यासारखे मऊ पांढरट गोळे दिसतील, खाली दोऱ्यासारखी शेपटी. त्यात ही सगळी बाई जाळीसकट घडी घालून ठेवलेली असते. अंडं फुटलं की काही तासांत पूर्ण उभी राहते. नवीन पेशी तयार व्हायची वाट बघत नाही, आधीच तयार असलेल्या पेशी पाणी पिऊन फुगतात, म्हणून एवढी घाई जमते. चीनमध्ये हीच वाळवून सूपमध्ये घालतात, वासाचा भाग धुऊन टाकून. आतेभावाला हे सांगू नका.

प्रचि ३: कुकेइना. पेला-बुरशी. पुढच्या वेळी एखाद्या पेल्यावर हलकी फुंकर मारून चारपाच सेकंद थांबा. नशीब असेल तर धूर उडाल्यासारखा बीजाणूंचा ढग बाहेर येतो. आतल्या बाजूला लाखो सूक्ष्म पिचकाऱ्या असतात, हवेचा ताण जरा बदलला की एकदम सुटतात.

प्रचि ४: पोराचे अभिनंदन! हे शोधायला वयानं नाही तर उंचीनं लहान असावं लागतं. सायाथस, घरटं-बुरशी. ते दाणे अंडी नव्हेत, बीजाणूंच्या पुड्या आहेत. पेल्याचा उतार असा असतो की पावसाचा टपोरा थेंब नेमका आत पडला की पुडी उडून मीटरभर लांब जाऊ शकते. पुडीच्या मागं चिकट दोरा असतो. वाटेत गवताचं पातं लागलं की दोरा त्याला गुंडाळतो आणि पुडी लटकते. पावसाच्या थेंबावर चालणारी गोफण. घरटं रिकामं दिसलं तर समजायचं नेम लागलाय.

मसाईची_पोरगी, तुमची नरसाळी म्हणजे मायक्रोपोरस झँथोपस. खाली उलटून बघितलं असतं तर पापुद्रे नाही, सुईनं टोचल्यासारखी बारीक भोकं दिसली असती. पश्चिम घाटात पडक्या लाकडावर हमखास. आणि पिठलं म्हणजे बुरशीच नव्हे! स्लाइम मोल्ड. हे प्रकरण अमीबाच्या गोतावळ्यातलं. हळूहळू सरकतं, जिवाणू आणि कुजका माल गिळत जातं. २०१० मध्ये जपानच्या संशोधकांनी याच्याच एका भाऊबंदाला टोकियोचा नकाशा दिला होता, म्हणजे शहरांच्या जागी ओटचे दाणे ठेवले होते. त्यानं दाण्यांना जोडणारं जे जाळं विणलं ते तिथल्या रेल्वेच्या जाळ्याशी बरंच जुळलं. मेंदू नाही, डोळे नाहीत. आपल्याकडं दसरा चौकात एकदा सोडून बघायला पाहिजे.

---

तांबडा_पांढरा | १०:२९

एक अडाणी प्रश्न. बुरशी वनस्पतीच ना शेवटी? शाळेत तर तसंच शिकवलं.

---

कुजकं_लाकूड | १०:३८

आपल्या शाळेच्या काळात तसंच होतं. आता बुरशीचं स्वतंत्र राज्य. हिरवं द्रव्य नाही, स्वतःचं अन्न करत नाही, पेशीभिंत कायटिनची, म्हणजे खेकड्याचं कवच किंवा झुरळाची पाठ ज्याची असते त्याची. नात्यानं बुरशी झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची, म्हणजे तुम्हाआम्हाला. तुम्हाला दिसते ती छत्री म्हणजे फक्त फळ. खरी बुरशी लाकडात आणि मातीत पसरलेल्या धाग्यांची. (मूळ धागा खाली आणि वर नुसते प्रतिसाद, हे आपल्यालाच ओळखीचं वाटायला हवं.)

---

आजोबा_मंगळवार_पेठ | १०:५०

एवढं सगळं कशाला? आमच्या वेळी भाजीत लसणाची पाकळी टाकायचे. काळी पडली तर विषारी, पांढरी राहिली तर बेलाशक खा. चांदीचा रुपया टाकला तरी चालतं. आणि ज्या छत्रीला किड्यानं खाल्लंय ती माणसाला चालतेच. तीन पिढ्या खात आलो, कुणाला काही झालं नाही.

---

रात्रपाळी | ११:२४

काका, रागावू नका, पण हा प्रतिसाद इथं नुसता पडू देणं बरं नाही, कारण उद्या कुणीतरी शोधत येईल आणि तेवढाच वाचेल. मी डॉक्टर आहे, आता ड्यूटीवरच आहे.

लसूण, चांदीचं नाणं, तांदूळ, हळद यांतलं काहीही विष ओळखत नाही. सगळ्यात घातक जे अमाटॉक्सिन, ते चांदीशी काही करत नाही. गोगलगाई आणि किडे असल्या विषारी छत्र्या मजेत खातात, त्यांचं शरीर वेगळं. शिजवून, वाळवून, उकळून पाणी टाकूनही ते विष जात नाही. चवही वाईट नसते. तुमच्या तीन पिढ्यांना वाचवलं ते लसणीनं नाही. घरातल्या ज्या बाईला वारुळाची अळंबी ओळखता येत होती, तिनं वाचवलं.

मी इंटर्न असताना एक कुटुंब आलं होतं. नवरा-बायको, सासू, एक मुलगी. रात्री भाजी खाल्ली, सकाळी सगळे ठणठणीत, म्हणून शेजाऱ्यांनाही थोडी दिली. दुपारनंतर सगळ्यांना जुलाब. कुणाला वाटलं पाणी बाधलं. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून घरी गेले. तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे होऊन परत आले. सासूबाई वाचल्या नाहीत. शेजाऱ्यांकडची भाजी मांजरानं सांडली होती, ते सुटले.

त्या दिवसापासून एकच गोष्ट सगळ्यांना सांगतो. खाल्ल्यावर दोनतीन तासांत उलटी झाली तर त्रास मोठा असला तरी बहुतेकदा माणूस सावरतो. सहा तासांनी किंवा त्याहून उशिरा, अगदी चोवीस तासांनी त्रास सुरू झाला तर ते जास्त भीतीदायक. कारण मग मधे एक दिवस बरं वाटतं आणि आत यकृत जात असतं. घरी थांबू नका, मोठ्या दवाखान्यात जा, आणि जाताना उरलेली छत्री, सोलपट, भाजी, काय असेल ते सोबत न्या. कागदाच्या पिशवीत, प्लॅस्टिकमध्ये नको, लगदा होतो.

पेशंट आला. नंतर येतो.

---

आजोबा_मंगळवार_पेठ | ११:४१

बरोबर आहे डॉक्टर. आमची आई ओळखायची. लसूण ती सगळ्याच भाजीत टाकायची, आता आठवलं.

---

चिखलवाट | सोमवार, ११ ऑगस्ट, सकाळी ६:५०

वाटी उचलली.

पांढऱ्या अर्ध्या कागदावर चाकाच्या आऱ्यांसारख्या रेघा उमटल्यात, मधून बाहेर जाणाऱ्या, आणि रंग हिरवट राखाडी. मेंदी वाळून शिळी झाल्यावर दिसते तसला. काळ्या बाजूला नीट दिसत नाही, पांढऱ्यावर शंकाच नाही. प्रचि ६. रात्री टोपीच्या खालचे पापुद्रे पांढरे होते, आता तेही हिरवट झालेत.

आतेभावाला फोटो पाठवला. पाच मिनिटं निळ्या खुणा, उत्तर नाही. मग आलं, "आज संध्याकाळी मिसळ खाऊ." पिशवी खड्डा करून पुरली, कुत्री उकरतील म्हणून वर दगड ठेवला.

कुजकं_लाकूड, रात्रपाळी, काय बोलू. पुढच्या वेळी कोल्हापुरात आलात की मिसळ माझ्याकडून.

---

कुजकं_लाकूड | ७:३०

मॉलिब्डायटीसच. सुटलात. ठशाचा फोटो जपून ठेवा, असा स्वच्छ ठसा मलाही कधी मिळाला नाही. शक्य असेल तर आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या साइटवर टाका, जागेसकट. कोल्हापुरात कुणाला प्रत्यक्ष दाखवायचं असेल तर शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात विचारून बघा.

---

शाहूवाडीचा_दादा | ८:०५

देव पावला. वाळवी आणि अळंबीचं एक राहिलं काल. आमच्या गावात म्हणतात वाळवी अळंबी 'पेरती'. खरं हाय का ते?

---

कुजकं_लाकूड | ८:२२

शब्दशः खरं. वाळवीला लाकूड पचवणं एकटीला झेपत नाही, म्हणून ती चघळलेल्या लाकडाचा मधमाशीच्या पोळ्यासारखा लगदा रचते आणि त्यावर टर्मिटोमायसीस नावाची बुरशी वाढवते. बुरशी लाकूड मऊ करते, वाळवी ते आणि बुरशीच्या पांढऱ्या गाठी खाते. ही शेती साधारण ३ कोटी वर्षं चालू आहे, आपली दहाबारा हजार. तुमची आजी उपटायची ती अळंबी म्हणजे त्या शेतातून वर आलेलं पीक, आणि ती हातभर मुळी म्हणजे शेतापासून जमिनीपर्यंतचा जिना. आफ्रिकेत झांबियाकडं याच कुळातली एक छत्री मीटरभर व्यासाची होते.

वारूळ खणायचं नाही हा आजीचा नेम याच्याशी तंतोतंत जुळतो. पोळं मोडलं की पीक संपलं. आणि धिंगरी जशी भाताच्या पेंढ्यावर किंवा उसाच्या पाचटावर पिशव्या भरून करता येते तशी ही करता येत नाही. वाळवीशिवाय ती शेतीला तयारच होत नाही. म्हणून द्रोण महाग.

---

उसाचं_पाचट | ९:१५

पाचटाचं नाव निघालं म्हणून आलो. आमच्या शेणखताच्या उकिरड्यावर पावसाळ्यात राखाडी घंटा उगवतात, सकाळी सुंदर, दुपारी काळी शाई होऊन गळतात. पोरांनी एकदा त्यात काडी बुडवून भिंतीवर नाव लिहिलं. अजून आहे. तीही खायची नाही ना?

---

कुजकं_लाकूड | ९:२८

शाई-छत्री. ती स्वतःलाच विरघळवते, बीजाणू मोकळे व्हावेत म्हणून. शाई खरोखर लिहायला चालते. खायची नाही, आणि त्यातल्या एका जातीवर दारू प्याली तर पार आडवं करते, छाती धडधडून चेहरा लाल. पोरांना लिहू दे.

---

चंदगडी | रात्री ९:५०

सगळ्यांनी दिवसाचं लिहिलं, मी रात्रीचं लिहितो. लहानपणी आमच्या परड्यात सरपणाचा ढीग असायचा. जोराच्या पावसात एकदा लाइट गेले, मी मागं गेलो, आणि ढिगातली दोन लाकडं हिरवट उजळलेली. कंदिलासारखी नाही, जुन्या घड्याळाच्या काट्यांवर असायचा ना तसला उजेड. चुलत्यानं आत ओढलं, दार लावलं, भुताटकी म्हणून अंगारा लावला. आता कळतं ती बुरशी असणार. पण आपल्या भागात असते का खरंच?

---

कुजकं_लाकूड | १०:१०

असते. भीमाशंकरची आणि गोव्याची बरीच प्रसिद्ध झालीत, पण घाटाची दमट रानं सगळीकडं सारखीच. जगात शंभराहून अधिक उजळणाऱ्या जाती माहीत आहेत, त्यांतल्या बऱ्याच मायसिनाच्या गोतातल्या. बऱ्याचदा छत्री उजळत नाही, लाकडात पसरलेले धागेच उजळतात, म्हणून तुमच्या सरपणात छत्री दिसली नसेल. काजव्यासारखंच, एक रसायन प्राणवायूशी मिळतं आणि ऊर्जा उष्णतेऐवजी हिरव्या प्रकाशात बाहेर पडते. त्यामुळं लाकूड गरम लागत नाही.

बघायचं तर अमावास्येच्या आसपास, पाऊस पडून गेल्यावर, आणि टॉर्च बंद करून दहापंधरा मिनिटं नुसतं उभं राहायचं. डोळे अंधाराला सरावले की मगच दिसतं. मोबाइलचा पडदा एकदा उजळला की पुन्हा पहिल्यापासून.

---

मसाईची_पोरगी | १०:२१

मग एका रात्री दाजीपूरला जायचं का सगळ्यांनी? मी गाडी काढतो.

---

शाहूवाडीचा_दादा | १०:३०

ताई, दाजीपूर पावसाळ्यात पर्यटकांना बंद असतंय. अभयारण्य हाय ते, १९५८ पासनं. आणि रात्री रानात शिरायला परवानगी लागती, गवा समोर आला तर टॉर्च बंद ठेवून उभं राहायची हौस फिटंल. गावाच्या कडेला, ओळखीच्या माणसाच्या परड्यात बघा. चंदगडीच्या चुलत्याकडं सरपण असंलच की.

आणखी एक. उजळणारं लाकूड सापडलंच तर जागा इथं टाकू नका. आजीच्या अळंबीचा नेम तिथंबी चालतोय. काजव्यांचं काय झालं बघितलं न्हाई का, गाड्या दिवे लावून उभ्या आणि काजवे पसार.

---

चंदगडी | १०:३४

चुलते गेले दोन वर्षांपूर्वी. सरपण आहे. या.

---

चिखलवाट | रविवार, १७ ऑगस्ट, दुपारी २:४०

धागा वर आणतो, कारण राहवलं नाही.

काल संध्याकाळी मी आणि आतेभावाचा पोरगा परत आंब्याला गेलो, गावात ओळखीच्या घरी मुक्काम केला आणि आज सहाच्या आधी कळकाच्या बेटापाशी पोचलो. मागल्या आठवड्यातली बाई संपली होती. जमिनीवर नुसता ओला चिंधीसारखा दांडा आणि खाली फुटलेल्या अंड्याची साल.

पोरगा पालथा पडून पाचोळा उचलत होता. हातभर अंतरावर दोन अंडी मिळाली. एक लिंबाएवढं, घट्ट. दुसरं मोठं, वरून चिरलेलं आणि चिरेतून गडद टोक दिसत होतं. आम्ही प्लॅस्टिकचा कागद अंथरून बसलो. डास, वरून टपटप, थर्मासमधला चहा गार. वीसेक मिनिटांत टोक बोटभर वर आलं होतं, पण हलताना एकदाही दिसलं नाही. पोरानं काटकी रोवून खूण केली, तेव्हा कुठं कळायला लागलं. टोपी बाहेर आली आणि दांडा करकरीत उभा झाला तरी जाळीचा पत्ताच नव्हता. मला वाटलं ही दुसरीच कुठली तरी जात. मग टोपीच्या खालून पांढरी झालर डोकावली, चुरगळलेली, आणि गाठी सुटाव्यात तशी एकेक भोक उघडत खाली उतरत गेली. एका बाजूला पाचोळ्याचं पान अडकलं होतं, तेवढी बाजू वरच राहिली. पोरगा पान काढायला निघाला, मी हात धरला.

नऊच्या सुमाराला जाळी जमिनीला टेकली. वास तेव्हाच सुरू झाला, आधी नव्हता. पोरानं नाक धरून माझ्याकडं बघितलं, आणि पहिली माशी आली.

प्रचि ७ ते १९.